गोळा, गोल्टी आणि बदला

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ही बातमी पिंपरी पेंढारला पोचली तेव्हा टपरीवर भज्यांचा पहिला घाणा निघत होता. बातमी आणली गुरुजींनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गावाला एक नवलाची गोष्ट सांगायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. मानधन नाही, पण चहा सुटतो. कल्याण–नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये, मालट्रकांच्या हॉर्नवर आवाज चढवून जगाचं ज्ञान वाटायचं, त्या मानानं एक कटिंग म्हणजे काहीच नाही.

"दोन हृदयं कल्ल्यांना रक्त पुरवतात," गुरुजी म्हणाले, "आणि एक बाकीच्या अंगाला. पण पोहायला लागला की ते तिसरं थांबतं. म्हणून ऑक्टोपस दमतो. पोहण्यापेक्षा त्याला सरपटत जाणं बरं वाटतं."

पुण्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात यावर "अरे वा!" असा उद्गार निघाला असता आणि विषय संपला असता. आमच्याकडे विषय असा स्वस्तात सुटत नाही. पहिला प्रश्न आला, "त्याला खातात का?" दुसरा, "काय किलो?" आणि तिसरा, पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय अशा एका बापाचा: "पळायला लागलं की हृदय बंद पडतं म्हणता? गुरुजी, आमच्या बाळ्याचं आन् त्याचं काय नातं लागतंय का बघा बरं."

गुरुजी डगमगले नाहीत. त्यांनी पुढचं पान उघडलं. (त्यांच्याकडे दोनशे पानी वही असते. मोबाईलवर वाचलेलं ते आधी वहीत उतरवतात, मग बोलतात.) "आणि त्याचं रक्त निळं असतं. आपल्या रक्तात लोह, म्हणून लाल. त्याच्या रक्तात तांबं."

"म्हणजे मोरचूद," एक द्राक्षबागाईतदार भजी मोडत म्हणाला.

गुरुजी थबकले. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, रंग निळाच, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आमच्या तालुक्यातली निम्मी बाग त्याच निळ्या फवाऱ्यात न्हालेली असते. ऑक्टोपसच्या रक्तातलं तांबं हे रसायन म्हणून वेगळं, पण समुद्र न पाहिलेल्या माणसानं दोन सेकंदांत योग्य धातूला हात घातला होता. मग गुरुजींनी त्याला बोर्डो मिश्रणाची गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते त्या सकाळची खरी नवलाई ती होती.

फ्रान्समध्ये बोर्डो नावाचा मुलूख आहे. तिथं रस्त्याला लागून द्राक्षबागा. येणारे-जाणारे हात घालून घड तोडायचे. बागवाल्यांनी वैतागून रस्त्याकडच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून फासायला सुरुवात केली. उद्देश एवढाच, की माल विषारी दिसावा. १८८०च्या दशकात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्या रस्त्यानं चालले होते. त्यांच्या ध्यानात आलं, की आतल्या बागेची पानं डावणी बुरशीनं झडलीत आणि रस्त्याकडच्या निळ्या ओळी मात्र हिरव्यागार आहेत. चोरासाठी लावलेल्या लेपानं बुरशी मेली होती. १८८५ साली त्यांनी ते औषध जगापुढे मांडलं, आणि आज ते आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळतं.

"आपल्याकडं उलटं झालंय," बागाईतदार म्हणाला. "आपण औषध मारतो बुरशीसाठी. ती मरती का नाय ते नशीब, पण चोर मात्र धुऊन खातात."

बोर्डोची गोष्ट ऐकून त्याला काही नवल वाटलं नाही. तो उठला आणि पंपाला नोझल बसवायला गेला. ऑक्टोपसवर मात्र तो नंतर चार दिवस बोलत होता. ज्या माहितीचा काडीचा उपयोग नाही, तिलाच आपल्याकडे नवल म्हणतात. माहिती उपयोगाची निघाली, की ती नवलातून उतरते आणि कामात जमा होते, मग तिच्याकडे कोणी मान वळवूनही बघत नाही. तीन हृदयांच्या प्राण्याला आमच्या गावात मान आहे. रोज फवारतो त्या मोरचुदाला नाही.

ओतूरच्या आणि आळेफाट्याच्या बाजारात कांद्याची प्रतवारी करतात, तशी मी गुरुजींच्या मालाची करून पाहिली आहे. गोळा म्हणजे मोठा, घट्ट, कुठेही पाठवा, टिकेल. गोल्टी म्हणजे खरी पण बारीक, चार जमवल्या तर मूठ भरते. मधाला वर्षानुवर्षं बुरशी लागत नाही, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात केळं हे बेरी आहे, या सगळ्या गोल्ट्या. आणि तिसरा बदला. वरून बरा दिसतो, दाबला की बोट आत जातं.

बदल्याला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हा त्यातला नामांकित बदला. चीनचाच अंतराळवीर यांग लिवेइ २००३ साली पृथ्वीभोवती फिरून आला आणि म्हणाला, मला काही भिंत दिसली नाही. तो चंद्रापर्यंत गेलाही नव्हता, घराच्या वरच घिरट्या घालत होता. तरी भिंत दिसायची थांबलेली नाही. मोराचीही तीच गत. राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१७ साली निवृत्तीच्या दिवशी पत्रकारांना सांगितलं, की मोर आजन्म ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते. आमच्या शिवारातल्या मोरांपर्यंत हा निष्कर्ष पोचलेला नाही. पावसाच्या तोंडाला ते जे काही करतात त्यात डोळ्यांचा फारसा संबंध नसतो, हे बांधावर बसणारा कोणीही सांगेल.

आता खुद्द कांदा. कांद्यानं शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, हा विनोद वर्तमानपत्रांनी इतका साठवून ठेवलाय की त्याला कोंब आलेत. पण पाणी येतं कसं, ते फार कमी जणांनी विचारलंय, आणि ते प्रकरण बघण्यासारखं आहे.

कांदा जमिनीतलं गंधक ओढून घेतो. (ते गंधक आपणच टाकतो, पिशवीचे पैसे मोजून.) त्या गंधकाची संयुगं तो पेशीच्या एका भागात ठेवतो, आणि ती फोडणारं विकर दुसऱ्या भागात, मध्ये पडदा. अख्खा कांदा म्हणून सज्जन असतो, उशाशी घेऊन झोपलात तरी डोळ्यांना काही होणार नाही. सुरी फिरली की पडदा फाटतो, दोघांची गाठ पडते, आणि त्यातून एक वायू निघतो. तो डोळ्यांच्या ओलाव्यात विरघळला की डोळा चुरचुरतो आणि मेंदू म्हणतो, सोडा पाणी. हा सगळा बंदोबस्त कुरतडणाऱ्या किडीसाठी आणि जनावरांसाठी आहे. आपण त्यात फुकट सापडतो.

बरीच वर्षं असं मानत होते, की यात एकच विकर आहे. जपानमधल्या एका मसाल्याच्या कंपनीतल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं, की दुसरंही एक आहे आणि रडवण्याचं काम खास त्याचं आहे. या शोधाला २०१३ साली इग नोबेल मिळालं. आधी हसू येतं आणि मग विचार करायला लावतं, अशा कामाला ते देतात. त्याच जपान्यांनी पुढे न रडवणारा कांदाही तयार केला.

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा टपरीत भज्यांसाठी कांदा चिरणं चालू होतं. चिरणाऱ्या मावशींनी मान वर केली नाही. "बराखीत किती दिवस टिकतो?" एवढंच त्यांनी विचारलं.

गुरुजींच्या वहीत ते नव्हतं. मी म्हणतो, प्रश्न कांद्याच्या बाबतीतला एकमेव महत्त्वाचा होता. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळी कांदा बराखीत भरायचा, पावसात दर आठवड्याला खालीवर करायचा, सडका वेचायचा, आणि दहा किलोला काय निघाले याकडे कान लावून बसायचं, हे ज्यानं केलंय त्याला कांद्यानं रडवलं नाही तर चालेल की नाही हा प्रश्नच पडत नाही.

"आणि मावशी, तुमच्या डोळ्यांत पाणी कसं नाही?" गुरुजींनी विचारलं.

"विळीला धार लावली की नाय येत," मावशी म्हणाल्या. "बोथट विळीनं कांदा चिरत नाय, चेंगरतो. मग उडतो तोंडावर."

२०२५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा चिरताना वेगवान कॅमेरे लावले आणि नेमकं हेच पाहिलं. बोथट पातं कांद्याला आधी दाबतं, आत दाब साठतो, मग साल फुटल्यावर रसाचे थेंब जास्त संख्येनं आणि जास्त वेगानं उडतात. धारदार पात्यानं कमी. गुरुजींनी हे सांगितल्यावर मावशींनी विळी पालथी करून पाण्याचा हबका मारला आणि विचारलं, "एवढ्यासाठी कॅमेरा लावला?" त्यांच्या आवाजात अमेरिकेविषयी खरी कणव होती.

टोमॅटोचं नवल थोडक्यात उरकतो. टोमॅटो फळ की भाजी, हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथं आयात भाजीवर कर होता, फळावर नव्हता. १८९३ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला, की शास्त्राप्रमाणे हे फळ असेलही, पण लोक ते जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, सबब भाजी. भरा कर. २०२३च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा आमच्याकडे तो फळही नव्हता आणि भाजीही नव्हता, दागिना होता. पाऊस सरायच्या आत पुन्हा भाजी झाला.

एका विषयावर मात्र गुरुजींचं आणि गावाचं नातं उलटं होतं. तिथं गाव बोलतं आणि गुरुजी लिहून घेतात. तो विषय बिबट्या. गावात त्याला वाघच म्हणतात. उसात त्याची दुसरी-तिसरी पिढी जन्मली, आईनं पिल्लं उसातच वाढवली, त्याला जंगल म्हणजे काय ते ठाऊक नाही. या विषयात हसण्यासारखं फार नाही. आमच्या शिवारात माणसं गेली आहेत, आणि त्या घरांवरून जाताना बोलणं आपोआप थांबतं. पण जिथं भीती रोजची असते तिथं निरीक्षणही रोजचं होतं.

शेतीची थ्री फेज वीज रात्रीची असली की बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी सोडायला, जावं लागतं. बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात. मांजर, कुत्रं, गाय, बिबट्या, सगळ्यांचेच चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागं उजेड परतवणारा एक थर असतो. आत आलेला उजेड तो पुन्हा एकदा पडद्यावर टाकतो, त्यामुळं अंधारात त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतं. माणसाला हा थर नाही. हे गुरुजींनी सांगायचं. गावानं त्यांना सांगितलं ते असं: डोळे जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते बघा, दोन डोळ्यांत अंतर किती ते बघा, आणि झोत मारल्यावर नजर हलते का बघा. कुत्रं हलतं, गाय कंटाळून मान वळवते. जे एकटक बघत राहतं त्याच्याकडे पाठ करू नका. हे वहीत उतरवताना गुरुजींनी एकही शब्द गाळला नाही.

डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो काय खातो ते शोधायला. निघालं असं, की त्याच्या आहाराचा बहुतेक भाग पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळी बरीच मागे. गुरुजींना वाटलं, हे ऐकून लोक चकित होतील. एक म्हातारे म्हणाले, "मंग आमचा मोत्या कुठं गेला, हे आम्ही सांगत होतो तेव्हा तुम्ही लिहून का नाय घेतलं?"

याच अत्रेयबाईंच्या अभ्यासातला एक बिबट्या आमच्या रस्त्यावरचा. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. काढला, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. वयस्कर आणि शांत म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. घाटात सोडलेल्या आजोबांनी महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास मजल मारली, मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याला रेल्वेरूळ ओलांडले, वसईची खाडी पोहून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या जंगलापर्यंत गेले. २०१४ साली त्यांच्यावर मराठी सिनेमाही आला. टाकळीहून माळशेजला जायचा सरळ रस्ता आमच्या दारावरून जातो, तेव्हा आजोबांनी पिंजऱ्यातून पिंपरी पेंढार पाहिली असणार, असा गुरुजींचा दावा आहे. असेलही. पण जुन्नर तालुक्यातला होतकरू माणूस माळशेज उतरून मुंबईला जातो आणि तिथंच राहतो, या नियमाला आजोबांनी बाध आणला नाही, हे मात्र नक्की.

आता खोडद. ज्यानं कोणी म्हटलं असेल, की जगाची नवलं पाहायला लांब जावं लागतं, त्यानं आळेफाट्याहून नारायणगावकडे कधी मोटारसायकल घातली नसावी. खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा खोडदजवळ चौरस किलोमीटरभरात दाटीवाटीनं, आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, पार पंचवीस किलोमीटरांच्या पसाऱ्यात. म्हणजे कांदा, ऊस, कांदा, ऊस, आणि मध्येच आकाशाकडं तोंड करून एक तबकडी. तबकडी भरीव पत्र्याची नाही. दोरांवर ताणलेली तारेची जाळी आहे, वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि खर्चही वाचला. ही युक्ती दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. त्यांनी जागा इथं धरली कारण भोवती डोंगर, मोठं शहर लांब, आणि त्या काळी आमच्या भागात रेडिओलहरींचा गोंगाट जवळजवळ नव्हता. मागासलेपणाचा असा गौरव तालुक्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

आता गोंगाट आहे. विजेच्या तारेवरची ठिणगी, वेल्डिंग, मोबाईल, यातलं काहीही आकाशातल्या हाकेपेक्षा हजारो पटींनी मोठ्यानं ओरडतं. तिथं पाहायला गेलं की मोबाईल बंद करायला सांगतात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आतलं प्रदर्शन बघायला गाड्या भरभरून पोरं येतात, आणि तालुक्यात पोरांच्या हातातला मोबाईल बंद झालेला दिसण्याचं हे एकच ठिकाण आहे. पालकांना विश्वाच्या उत्पत्तीपेक्षा याचं नवल जास्त.

या दुर्बिणीनं २०२३च्या जानेवारीत एक बातमी दिली. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो. विश्व प्रसरण पावतं तशी वाटेत ती लहर ताणली जाते. खोडदला जी पकडली ती ४८ सेंटीमीटरची होऊन पोचली होती, कारण ती ८८० कोटी वर्षं चालत होती. वाटेत एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं तिला भिंगासारखं मोठं केलं, म्हणून तर ती कळली. पृथ्वीचं वय ४६० कोटी वर्षं.

गुरुजींनी हा हिशेब टपरीच्या फळकुटावर खडूनं मांडला. सगळे बघत राहिले. मग एक जण म्हणाला, "म्हणजे ते निघालं तेव्हा खोडद नव्हतं."

"पृथ्वीच नव्हती."

"मंग ते कुठं चाललं होतं?"

विज्ञानाला असा प्रश्न विचारायचा नसतो. लहर सगळीकडेच चाललेली असते. पण पत्ता नसताना, पोचायचं गाव अस्तित्वात नसताना कोणीतरी निघालं आणि बरोबर कांद्याच्या वावराकडेला येऊन टेकलं, हे ऐकून टपरीत क्षणभर ट्रकचा आवाजही लांबचा वाटला. तेवढ्यात मागून कोणी तरी बोललं, "आपली मुंबई–आळेफाटा गाडी पण अशीच येती," आणि विश्व पुन्हा वेळापत्रकावर आलं.

याच दुर्बिणीनं त्याच वर्षी जूनमध्ये आणखी एक काम केलं. आकाशात पल्सार नावाचे तारे आहेत, ते फिरताना ठरलेल्या ठोक्याला रेडिओलहरीचा झोत आपल्याकडे फेकतात. त्यांचा ठोका इतका पक्का, की घड्याळ लावावं. खोडदच्या आणि जगातल्या इतर दुर्बिणींनी वर्षानुवर्षं हे ठोके मोजले आणि त्यात अगदी सूक्ष्म पुढे-मागे झालेलं पकडलं. कारण अवकाशच हलत होतं. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात, त्यांनी उठवलेल्या गुरुत्वीय लहरींचे ते पुरावे, असं शास्त्रज्ञ मानतात. एक लहर पुरी व्हायला काही वर्षं लागतात. हे काम करणारी माणसं नारायणगावच्या बाजारात भाजी घेतात आणि कोथिंबिरीची जुडी दहाची की पंधराची यावर आपल्यासारखीच घासाघीस करतात. मला ते पाहायला फार आवडतं.

खोडदहून जवळच बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठाला तिथं मातीत राखेचा पांढुरका थर आहे. चुलीतली राख नव्हे, ज्वालामुखीची. महाराष्ट्रातला ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. ही राख आली इंडोनेशियातून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर हवेतून उडत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९८०च्या दशकात तिच्यावर काम सुरू केलं. तिच्या जोडीला आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. आता टोबा काही एकदाच फुटलेला नाही. ही राख चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली, की त्याच्याही कित्येक लाख वर्षं आधीच्या, यावर पंडितांचं जुंपलंय. एका थराचं वय ठरवायला इतकी वर्षं वाद, हे ऐकून मात्र गावात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. बांधाच्या वादात तीन पिढ्या जातात, इथं तर लाखो वर्षांचा प्रश्न आहे.

पश्चिमेला नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा, दोन हजार वर्षांहून जुना लेख आहे. यज्ञ केले आणि दक्षिणा दिली, त्याची नोंद: गायी किती, घोडे किती, कार्षापण नावाची नाणी किती. एका ठिकाणी २४,४०० असा आकडा आहे. भारतातल्या अंकांचा इतका जुना लेखी पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो, आणि त्यातले काही आकडे आजच्या आकड्यांचे पूर्वज शोभतात. पर्यटक तिथं जातात ते उलटा धबधबा बघायला. पावसाळ्यात कोकणातून कड्यावर चढणारा वारा इतका जोरकस असतो, की पडणारं पाणी तुषार होऊन वर फेकलं जातं. ओलेचिंब होऊन फोटो काढतात, लेण्यात कपडे पिळतात आणि लेखाकडे पाठ करून निघून जातात. टपरीवाल्याला मी तो लेख सांगितला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "उधारीचा व्हता का रोखीचा?"

गुरुजींच्या आयुष्यातला महत्त्वाकांक्षी कार्यक्रम यंदाच्या मे महिन्यातला. शून्य सावली. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना वर्षातून दोनदा सूर्य अगदी बरोबर डोक्यावर मिळतो, आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. आमच्याकडे ते होतं मेच्या मध्याला, पंधरा-सोळा तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास. बाराला नाही, कारण आपलं घड्याळ चालतं पूर्वेकडच्या मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर आणि सूर्याला आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला पडते, तिला हे भाग्य नाही. ही शेवटची माहिती गुरुजींनी मुद्दाम दोनदा सांगितली. दिल्लीला जे मिळत नाही ते पिंपरी पेंढारला फुकट मिळतं, म्हटल्यावर गर्दी होणारच.

साडेबारा ही मे महिन्यातली झोपायची वेळ. तरी माणसं आली. गुरुजींनी शाळेच्या पटांगणात पहार रोवली. एका गवंड्यानं ओळंबा लावून ती सरळ केली, पुन्हा बघितली, आणि शाळेची भिंतच तिरकी आहे असा वेगळाच शोध जाहीर केला. सावली आखडत आली. वीतभर, चार बोटं, दोन बोटं. पोरं पालथी पडून बघू लागली. गुरुजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता नीट लक्ष द्या."

तेवढ्यात कुठल्या तरी विहिरीवरची मोटार गुरगुरली आणि एक जण ओरडला, "आरं, लाईट आली!"

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. पटांगण रिकामं व्हायला त्याहून कमी लागला. गवंडीसुद्धा गेला, त्याचंही वावर आहे. संध्याकाळी टपरीवर सगळे पाय धुऊन, चिखल उतरवून जमले, तेव्हा विषय निघाला.

"गुरुजी, गेली का मग सावली?"

"गेली."

"किती वेळ?"

"मिनिटभर."

"आमची पण शेवटची सरी राहिली," तो हळहळला. "तेवढ्यात ट्रिप झाली. पुन्हा कधी हाय?"

"जुलैच्या शेवटी. ढग नसले तर."

"ढगांचं आम्ही बघतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त त्या आठवड्यात लाईट दिवसाची हाय का रातची, तेवढं इचारून ठेवा."